कोठीतली एकोणीस पाती

पासिर रेंगास, त्रंगानू
३ मोहरम १३४८ (कचेरीच्या तारखेने ११ जून १९२९)

आबांग जुसोह यांस,
धाकटी चुलतबहीण केल्सोम हिचा सलाम.

तुम्ही जिल्हा कचेरीत कारकून झाल्यापासून तुमच्यामागे गावची कामं लावू नयेत, असं बापांनी घरात सांगून ठेवलं होतं. आज तेच म्हणाले, लिही. म्हणून लिहिते आहे.

गेल्या शव्वालात आपल्या धक्क्यावर जी पाती जमा झाली, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे. चौदा वळणदार क्रिस, तीन आखूड खंजीर, एक सरळ तलवार, एक भाला. एकूण एकोणीस, एकेका घरातून एकेक. यादी माझ्या हातची. पावतीवर लिहिलंय की सगळी तुमच्या कचेरीच्या कोठीत ठेवली आहेत. पावती बापांच्या टोपीच्या अस्तरात असते. मला ती वहीत ठेवायची होती, पण ते देत नाहीत.

तुम्ही तेव्हा गावात नव्हता, म्हणून कसं झालं ते सांगते. आधी हुकूम आला की बाजारात कमरेला काही खोचून यायचं नाही. लोकांनी घरी खुंटीला टांगलं. मग घरोघरची नावं लिहून नेली. मग वरच्या नदीकाठी सरकारविरुद्ध गडबड झाली आणि तिसरा हुकूम आला, की शेतकामाचा कोयता सोडून जे जे पातं असेल ते द्या. कोणी देत नव्हतं. पाक सेनिक म्हणाले, "माझी क्रिस न्यायची तर हातासकट न्या." तेव्हा बापा एकेका घरी गेले. म्हणाले, "मी घडवलीय, नाहीतर माझ्या बापाने. मागतोय मी, सरकार नाही. परत येतील. आणि तिथे आहेत तोवर दर मोहरमात मी स्वतः जाऊन त्यांना आंघोळ घालीन." हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. मग लोकांनी दिली.

आता मोहरम लागला. आंघोळीच्या परवानगीसाठी दोन अर्ज पाठवले, उत्तर नाही. बापांचं म्हणणं, त्यांना आत सोडत नसतील तर तुम्ही करा. तुम्हीही लोहाराच्याच घरचे.

नावेच्या तांडेलाबरोबर यादीची नक्कल, सोमलाची पुडी, चंदनाचं तेल, ऊद आणि चाळीस लिंबं पाठवली आहेत. खरं तर अडतीस. दोन नरम लागली म्हणून काढली. आकडा चुकीचा जाऊ नये. पातं आधी नारळपाण्यात ठेवा, मग लिंबाने घासा, मग सोमल. हाताला कापड गुंडाळा, विष आहे, पुडी तोंडाजवळ नेऊ नका. शेवटी पुसून तेल आणि ऊद. तुम्हाला हे माहीत असेलच. तरी लिहिलं नसतं तर मला झोप आली नसती.

केल्सोम

*

कुआला
२० जून १९२९

आदिक केल्सोम,

तुझं पत्र आणि पोतडी मिळाली. थोरल्या आबांगला सूचना देणारी धाकटी आदिक एवढ्या लांबूनही तशीच आहे, हे पाहून बरं वाटलं.

काकांना कोठीत यायची परवानगी मिळणार नाही, पुन्हा अर्ज करू नका. पण काळजीचं काही कारण नाही. सगळं व्यवस्थित झालंय. काकांना सांग, निश्चिंत राहा.

इथे काम फार आहे. उकाडाही. तब्येतीला जपा.

जुसोह

*

पासिर रेंगास
९ सफर १३४८ (१७ जुलै १९२९)

आबांग जुसोह यांस सलाम.

तुमचं पत्र मी ओसरीवर वाचून दाखवलं. बापांना अक्षर दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक नसेल. चाळीस वर्षं भट्टीकडे पाहून डोळे गेलेत. कोयत्याची धार ते आता अंगठ्याने बघतात.

ऐकायला बारा माणसं आली होती. पत्र संपलं तरी कोणी उठेना. पाक सेनिक म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. "म्हणजे आमचं पातं सरकारच्या घरी जावई होऊन राहिलं, आणि खुशालीची एकच ओळ? सासुरवाडीला बरं आहे, कळावे?" सगळे हसले. बापा हसले नाहीत.

ते विचारतात, आधी कोणतं काढलं? पात्यातली नक्षी कोणाची कशी वर आली? कोणाला गंज होता का? कोपऱ्यातल्या घरची क्रिस तीन वळणांची, तिच्या टोकाशी एक काळा ठिपका असायचा, तो वाढला का? लोक त्यांना रस्त्यात थांबवून विचारतात आणि ते "उद्या सांगतो" म्हणतात. असं तेरा दिवस झालं.

मला आत्याने लिहायला शिकवलं तेव्हा तिची एक अट होती. पाहिलं नाही ते लिहायचं नाही, ऐकलं असेल तर कोणाकडून ते लिहायचं. म्हणून मी माझ्या मनाने काही जोडून सांगू शकत नाही. तुम्ही पाहिलंय. तुम्हीच लिहा.

मी पिच्छा पुरवते आहे असं वाटत असेल तर माफ करा. तसं वाटणं बरोबरच आहे.

केल्सोम

*

कुआला
६ ऑगस्ट १९२९

आदिक केल्सोम,

घे, आता नीट कान देऊन ऐका सगळे.

एका शुक्रवारी, नमाज झाल्यावर, कचेरी बंद असताना हवालदाराने मला कोठी उघडून दिली. यादीच्या क्रमाने घेतली. कोपऱ्यातल्या घरची तीन वळणांची पहिली; काळा ठिपका आहे तेवढाच आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. चार नंबरला थोडा गंज धरला होता, लिंबाने गेला. सात नंबरची नक्षी सोमल लागताच अशी वर आली की हवालदारसुद्धा खाली बसून बघायला लागला. नऊ नंबरची मूठ सैल आहे, ती मी दोऱ्याने आवळून ठेवली. अकरा नंबर, तोक मेनाहची नऊ वळणांची, म्यानातून काढली तेव्हा काळवंडलेली होती, पण आंघोळीनंतर पाण्यावरच्या लाटेसारखी नक्षी उमटली. पाक सेनिकांना सांग, त्यांचा जावई अंगाने भरलाय आणि सासरी रमलाय. भाला भिंतीला टेकवून ठेवलाय, आजोबांची खूण तशीच आहे.

सगळ्यांना तेल लावलं, ऊद दिला. हाताला अजून लिंबाचा वास येतो.

पुढच्या वर्षीही करीन. तोवर पुन्हा पुन्हा विचारू नका, ही विनंती.

जुसोह

*

पासिर रेंगास
११ शव्वाल १३४८ (१२ मार्च १९३०)

आबांग जुसोह यांस सलाम. ईद गेली. कळत नकळत काही चुकलं असेल तर पोटात घाला.

सात महिने मी पत्र लिहिलं नाही. मधले चार महिने खवळलेल्या समुद्रामुळे नदीचं मुख बंद होतं, नाव येत नव्हती, हे खरं आहे. पण त्याआधीचे तीन महिने नाव येत होती, तेव्हा हे कारण मी देणार नाही.

आधी गावची खबर. ईदेच्या दुसऱ्या दिवशी इमामांच्या नातवाचं लग्न झालं. नवरा म्हणजे एक दिवसाचा राजा. कमरेला क्रिस नसेल तर कसला राजा? सुताराने लाकडाची केली आणि वरून चंदेरी रंग दिला. बापांकडे आधी आले होते, बोथट पात्याची करून द्या म्हणून. बापा म्हणाले, "मी खेळणी करत नाही." वरातीत पोरं ओरडत होती, "राजेसाहेब, घाम पुसा, तलवार विरघळेल." नवराही हसत होता. बापा पूर्ण वेळ स्वतःच्या पावलांकडे बघत बसले. हळदीच्या भाताला हात लावला नाही. आता भट्टीत कोयते, विळे, नारळाच्या खवण्या होतात. तेही महिन्यातून चार दिवस.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते.

तुमचं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा ओसरीवर एकवीस माणसं होती. मी वाचत गेले. लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. कोपऱ्यातल्या घरची म्हातारी काळ्या ठिपक्याशी रडली. नऊ नंबरपर्यंत वाचलं. मग अकरा नंबर डोळ्यांसमोर आला आणि मी तो गाळून पाक सेनिकांच्या जावयाकडे गेले. तोक मेनाह समोरच बसली होती. ती म्हणाली, "माझं?" मी म्हटलं, "तोक, तुमच्याबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही." आत्याने शिकवल्यापासून कागद हातात धरून मी खोटं बोलले ते पहिल्यांदा.

अकरा नंबरचं म्यान उघडत नाही, आबांग. तुम्ही गाव सोडलंत त्याच्या दुसऱ्या वर्षी तिचा नवरा मासेमारीला गेला आणि परत आला नाही. त्या दिवशी क्रिस खुंटीवरच विसरला होता. तोक मेनाह ती घेऊन बापांकडे आली आणि म्हणाली, आता ही कोणी उपसायची नाही. बापांनी मुठीपासून म्यानापर्यंत लाख वितळवून ओतली. भाता मी ओढत होते. ती उघडायची तर म्यान फोडावं लागेल. मी यादीत हे लिहिलं नव्हतं, कारण बापा म्हणाले होते, हातात घेईल त्याला कळेलच.

तेव्हापासून मी स्वतःलाच समजावते आहे. कदाचित नंबर चुकला असेल. कदाचित लाख उष्णतेने सुटली असेल. कदाचित तुम्ही म्यान फोडलंत आणि सांगायला संकोचलात. सात महिने मी तुमच्या बाजूने कारणं शोधली. आता थकले.

म्हणून एकच विचारते. तुम्ही त्या कोठीत गेला होता का?

केल्सोम

*

कुआला
२ एप्रिल १९३०

केल्सोम,

नाही.

कोठीत जाण्यासारखं काही नव्हतंच. धक्क्यावरून पाती आणली त्याच्या चौथ्या दिवशी वरून हुकूम आला. सकाळी ती होडीत घातली आणि नदीच्या मुखाबाहेर, जिथे पाणी काळं होतं तिथे, एकेक करून टाकली. हवालदार टाकत होता. मोजणी ठेवायला कारकून लागतो. तो कारकून मी.

माझ्या हातात तुझी यादी होती. तुझं अक्षर. मी नंबर आणि नाव वाचायचं, हवालदाराने उचलायचं, टाकायचं, मी पुढे खूण करायची. दोन रिकामी म्यानं पुन्हा वर आली, ती वल्ह्याने खाली दाबली. भाला क्षणभर पाण्यात उभा राहिला. अकरा नंबर कधी गेलं ते मला आठवत नाही. मी तेव्हा खाली कागदाकडे बघत असणार.

तुझी पोतडी आली तेव्हा अडीच महिने झाले होते. मी खरं लिहायला बसलो होतो, पण काकांनी घरोघरी शब्द दिलाय हे तुझ्या पत्रात वाचलं आणि हात थांबला. "व्यवस्थित झालं" एवढं लिहिलं. वाटलं, तेवढ्यावर भागेल. तू तपशील मागितलास. न देणं म्हणजे कबूल करणंच होतं. मग लिहायला बसलो आणि तुला खरं सांगतो, लिहिताना बरं वाटत होतं. जणू त्या शुक्रवारी मी खरंच तिथे होतो. सात नंबरची नक्षी मी लहानपणी एकदा पाहिली होती, तीच लिहिली.

लिंबं कचेरीतल्या लोकांनी सरबतात पिळली. मीही प्यायलो. सोमल खड्डा करून पुरला.

हे बाहेर फुटलं तर माझी नोकरी जाईल. कोठी रिकामी आहे हे कोणाला सांगायचं नाही असं बजावलंय. पण ते राहू दे. काकांना सांगू नकोस. त्यांचं वय झालं. दर मोहरमाला मी एक पत्र पाठवीन, तू वाचून दाखव. अकरा नंबर गाळूया. त्यांचे दिवस असेच जाऊ देत. एवढं माझ्यासाठी कर.

जुसोह

*

पासिर रेंगास
२८ झिल्काद १३४८ (२७ एप्रिल १९३०)

आबांग जुसोह यांस सलाम.

तुम्ही सांगितलंत ते मी केलं नाही. आधी हेच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला आशा राहायला नको.

पाच दिवस पत्र उशीखाली ठेवलं. तुमच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. बापांना कळून कोणाचं भलं होणार, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण दर सकाळी चहा देताना ते विचारायचे, "नाव आली का ग? जुसोहचं काही?" आणि मी "नाही" म्हणायचे. सहाव्या दिवशी ते "नाही" तोंडातून निघालं नाही.

मी पत्र सबंध वाचलं. लिंबाच्या सरबतासकट. ते खवणीला मूठ बसवत होते. बसवत राहिले. संपल्यावर विचारलं, "भालासुद्धा?"

"हो, बापा."

"यादीच्या क्रमाने टाकली का?"

"तसंच लिहिलंय."

"बरं. निदान क्रम तरी पाळला."

मग खवणी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "त्या पोराला एकट्याने बघावं लागलं." मला वाटलं होतं ते रागावतील. मला राग आला होता. थोडा अजूनही आहे.

दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजानंतर त्यांनी धुतलेला सारोंग नेसला, टोपी घातली, अस्तरातली पावती काढून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "एक नंबरपासून. रोज एक घर. त्याहून जास्त चालवत नाही." मी हात धरून नेते. जिन्याखाली उभे राहतात, वर बोलावलं तरी आधी खालूनच बोलतात. "मी शब्द दिला होता. पाती बुडवली, परत येणार नाहीत. शब्द माझा होता, राहिला नाही. मला माफ करा." सगळीकडे तेवढंच. मी मागे उभी असते.

पाती बुडवली एवढंच ते सांगतात. तुम्ही होडीत होतात हे त्यांनी कुठे सांगितलं नाही आणि मलाही सांगू देत नाहीत. पण तुमचं ऑगस्टचं पत्र खोटं होतं, हे लोकांना आपोआप कळतंच.

पहिल्या घरी म्हातारीने काळ्या ठिपक्याचं विचारलं. "मग तो ठिपका?" बापा म्हणाले, "मला ठाऊक नाही." ती आत गेली आणि सुकवलेले मासे पानात बांधून घेऊन आली.

तिसऱ्या घरी वेगळंच झालं. त्यांची सून म्हणाली, "पाक, आम्ही तर केव्हाच धरून चाललो होतो. सरकारदरबारी गेलेलं कधी परत आलंय?"

बापा म्हणाले, "मग रस्त्यात थांबवून मला का विचारायचात?"

"तुम्हाला सांगायला आवडायचं म्हणून."

त्या दिवशी घरी येताना ते वाटेत दोनदा बसले. माफी नाकारली असती तर एवढं लागलं नसतं, असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, ते बोलले नाहीत.

आज अकरावं घर झालं. तोक मेनाह भात पाखडत होती. बापांचं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं. म्हणाली, "बाहेरच्या काळ्या पाण्यात टाकलं म्हणता?" बापा म्हणाले, हो. "लाख शाबूत होती?" बापांनी मान माझ्याकडे वळवली. मी म्हटलं, तोक, टाकताना कोणी पाहिलं नाही. तेव्हा मी तिला ऑगस्टच्या पत्राचंही सांगून टाकलं, की तिच्याबद्दल लिहिलं होतं आणि मी गाळलं होतं. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "खुंटीवर विसरून गेला होता मेला. पोचली म्हणायची त्याच्याकडे, उशिरा का होईना." आणि आम्हाला केळी दिली.

उद्या बारावं. तेरावं पाक सेनिकांचं. त्यांची मला भीती वाटते. गावात खरा विश्वास ठेवलेला माणूस तेवढाच. जावयाची थट्टा करायचे, पण खुंटी त्यांनी रिकामी ठेवली आहे. दुसरं काही टांगू देत नाहीत.

केल्सोम

*

पासिर रेंगास
१४ झिल्हज १३४८ (१३ मे १९३०)

आबांग,

बारा नंबरच्या घरून परत येताना बापा आपल्याच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कोसळले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली आहे. मी सोडून कोणाला त्यांचं बोलणं कळत नाही, आणि मलाही निम्मंच कळतं. जेवतात. शुद्धीत आहेत. डाव्या हाताने बोटं दाखवतात, तेरा, तेरा.

म्हणून बकरी ईदेनंतर मी एकटी पाक सेनिकांकडे गेले. बापांचंच वाक्य पाठ होतं, तेच बोलले. ते जिन्यावर बसले होते. खाली उतरले नाहीत, वर बोलावलंही नाही. म्हणाले, "पोरी, तू कोण माफी मागणारी?"

मी म्हटलं, "यादी माझ्या हातची आहे."

"यादी खरी होती ना?"

"हो."

"मग घरी जा. तुझ्या बापाने, देराहिमने, शब्द दिला. तो आला असता तर मी ऐकलं असतं, कारण त्याला तेव्हा खोटं ठाऊक नव्हतं. पण मला काय सांगितलं होतं? जावई अंगाने भरलाय. सासरी रमलाय. मी ते घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आजारी होती, हसली. दोन महिन्यांनी वारली. ते ज्याने लिहिलं त्याला पाठव."

मी तुमची बाजू घ्यायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटून घरी आले.

आबांग, पाती तुम्ही बुडवली असं मी म्हणत नाही. हुकूम तुमचा नव्हता, होडी तुमची नव्हती. ते कोणीही कारकुनाने केलं असतं. पण ऑगस्टचं पत्र कोणीही लिहिलं नसतं. ते तुमचंच होतं, आणि छान होतं, म्हणून तर एवढं लागलं. यात माझाही वाटा आहे. मी मागितलं नसतं तर तुम्ही लिहिलं नसतं. याचा विचार मी रोज करते.

तेरा ते अठरा अशी सहा घरं उरलीत. एकोणीस नंबरवर बापांनी आपलीच क्रिस लिहायला लावली होती. ते सातवं घर. तिथला जिना तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या नोकरीचं मला समजतं. या म्हणून मी हुकूम करू शकत नाही, आणि नाही आलात तर गावात काही पसरवणारही नाही. फक्त एवढं विचारते, की बापांनी बोटं दाखवली की मी त्यांना काय सांगू?

केल्सोम

*

कुआला
१९ मे १९३०

केल्सोम,

रजेचा अर्ज सकाळी दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "गावातल्या सात घरांची माफी मागायची आहे."

मोठ्या कारकुनांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाले, "जुसोह, असं कारण नसतं. आईचं आजारपण लिही."

मी म्हटलं, आई वारली.

"मग वडील?"

"तेही."

"अरे, कोणीतरी आजारी असेल ना घरात?"

म्हटलं, काका आहेत. अंगावरून वारं गेलंय.

"हां. मग काय तर. 'काका अत्यवस्थ' लिही, आत्ता सही घेऊन देतो." त्यांनी स्वतःच माझी ओळ खोडली आणि टाक माझ्या हातात दिला.

मनात आलं, हे तर खरंच आहे. काका आजारी आहेतच, कोण खोटं म्हणेल? टाक कागदावर टेकलाही होता. पण मी त्यासाठी येत नव्हतो. काका ठणठणीत असते तरी यावंच लागलं असतं. मी खोडलेल्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहिली.

त्यांनी साहेबांच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग हळूच विचारलं, "साहेबांनी विचारलं, कसली माफी, तर?"

म्हटलं, सांगीन.

"होडीचंही?"

"विचारलं तर तेही."

दुपारी अर्ज परत आला. नामंजूर. साहेबांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं उगाच वाटतंय. टाक मोठ्या कारकुनांच्या टेबलावर ठेवला आणि नोकरी सोडून निघून आलो.

काकांना सांग, तेरा नंबरपासून सुरू करतो. हे पत्र मंगळवारच्या नावेने येईल, मी गुरुवारच्या. पाक सेनिकांनी दार उघडलं नाही तर जिन्याखाली बसेन. माझ्याकडे आता वेळ आहे.

जुसोह